‘ऑलवेज ऑन माय माइंड’ : मूळ गाणे कोणाचे आणि बसवायचे कोणाचे ऐकून?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. आईवडिलांच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला तुम्हाला गिटारवर ‘ऑलवेज ऑन माय माइंड’ हे गाणे म्हणायचे आहे. तुमचे काका म्हणतात की हे एल्व्हिस प्रेस्लीचे गाणे आहे. गिटार शिकवणारे सर ठामपणे अमेरिकन गायक विली नेल्सनचे नाव घेतात. आणि मैत्रिणीने पाठवलेले पेट शॉप बॉइज या ब्रिटिश पॉप जोडीचे गाणे ऐकल्यावर तर हे तेच गाणे आहे का, अशी शंका तुम्हाला आली. इंटरनेटवर कुठे १९७२ साल सापडते, कुठे १९८२, कुठे १९८७. म्हणून तुम्ही विचारले आहे की मूळ गाणे कोणाचे आणि आपण ते कोणाचे ऐकून बसवावे.

मी गेली अनेक वर्षे पुण्यात गिटारची साथ करतो आणि शिकवतो, आणि जुन्या इंग्रजी गाण्यांच्या बाबतीत हा गोंधळ माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याच्या मनात असतो. माझ्या मते तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. ‘मूळ कोणाचे’ हा इतिहासाचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर बऱ्याच खात्रीने देता येते. ‘कोणाचे ऐकून बसवावे’ हा गायकाचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर तुमचा आवाज, साथीला काय आहे आणि समोर कोण बसले आहे यांवर अवलंबून राहील. पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यावर लादले की गाणे बिघडते, असे मी पुष्कळदा पाहिले आहे. मात्र पहिला प्रश्न नीट समजून घेतला, तर दुसऱ्याचे उत्तर शोधायला त्याची फार मदत होते.

आपण मराठी श्रोते भावगीतावर वाढलेलो आहोत. भावगीत एका कवीचे, एका संगीतकाराचे आणि बहुधा एकाच गायकाचे असते, आणि त्याची जी तबकडी निघाली ती आपल्यासाठी प्रमाण ठरते. दुसऱ्या कोणी ते गायले की आपण त्याला मूळ गाण्याची नक्कल समजतो. अमेरिकेतील कंट्री संगीताची, म्हणजे तिथल्या ग्रामीण लोकगीतांतून वाढलेल्या गाण्यांची, रीत आपल्या नाट्यपदाला अधिक जवळची आहे. नाट्यपद रचणारा एक असतो, रंगभूमीवर ते प्रथम म्हणणारा दुसरा, आणि पुढे मैफलींतून ते अनेक गायक आपापल्या गायकीने रंगवतात. त्यांतील एखाद्याचे इतके लोकप्रिय होते की पद त्याच्याच नावाने ओळखले जाऊ लागते. ‘ऑलवेज ऑन माय माइंड’च्या बाबतीत नेमके हेच घडले आहे. फरक इतकाच की येथे असे गायक एकाहून अधिक झाले, आणि प्रत्येकाच्या चाहत्यांना गाणे आपल्याच गायकाचे वाटते.

त्या काळी नॅशव्हिल आणि मेम्फिस या शहरांत गाणी लिहिणे हा एक स्वतंत्र व्यवसाय होता. गीतकार शब्द आणि चाल दोन्ही करीत, कच्चे ध्वनिमुद्रण करून ते प्रकाशकाकडे किंवा निर्मात्याकडे देत, आणि मग ते गाणे योग्य गायकाच्या शोधात या स्टुडिओतून त्या स्टुडिओत फिरत राही. त्यामुळे रेकॉर्डच्या गोल कागदावर ठळक अक्षरांत गायकाचे नाव दिसले, तरी गाणे कोणाचे हे पाहायचे असेल तर शीर्षकाखाली कंसात बारीक अक्षरांत छापलेली नावे वाचावीत. या गाण्याच्या कंसात तीन नावे असतात : वेन कार्सन, जॉनी क्रिस्टोफर आणि मार्क जेम्स. कार्सन यांचे नाव काही ठिकाणी वेन कार्सन थॉम्पसन असे छापलेले आढळते, म्हणून केवळ ‘थॉम्पसन’ दिसले तर चौथा माणूस कोण, असा प्रश्न पडू देऊ नका. एल्व्हिस, विली नेल्सन किंवा पेट शॉप बॉइज यांच्यापैकी एकाचेही नाव त्या कंसात नाही. विली नेल्सन स्वतः मोठे गीतकार आहेत, पॅट्सी क्लाइन यांनी १९६१ साली गाजवलेले ‘क्रेझी’ त्यांनीच लिहिलेले आहे, आणि म्हणूनच हेही गाणे त्यांचेच असावे असा समज सहज होतो. पण तो बरोबर नाही.

गाण्याचा उगम मिसुरी राज्यातील स्प्रिंगफील्ड या गावात, वेन कार्सन यांच्या स्वयंपाकघरातील टेबलावर झाला. कार्सन त्या वेळी नवखे नव्हते. बॉक्स टॉप्स या गटाने १९६७ साली अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर नेलेले ‘द लेटर’ त्यांचेच होते. त्यांनी स्वतः सांगितलेली हकीकत अशी की कामानिमित्त मेम्फिसमधला मुक्काम लांबला, घरी फोन केल्यावर पत्नी रागावली, आणि तिची समजूत घालताना ‘तू सतत माझ्या मनात होतीस’ अशा अर्थाचे वाक्य त्यांच्या तोंडून निघून गेले. गाण्याचे बीज त्या वाक्यात होते. कडवी फार थोड्या वेळात लिहून झाली आणि आपल्या बाजूने गाणे पूर्ण झाले आहे, असे कार्सन यांना वाटले.

ते पूर्ण झाले नव्हते, असे ज्यांना वाटले त्यांचे नाव चिप्स मोमन. मेम्फिसमधील अमेरिकन साउंड स्टुडिओ हा मोमन यांचा, आणि या गाण्याच्या इतिहासात गायकांच्या खालोखाल लक्षात ठेवावे असे नाव मला त्यांचे वाटते. १९६९ च्या आरंभी एल्व्हिसने याच स्टुडिओत जी गाणी केली, त्यांत ‘सस्पिशस माइंड्स’ होते, आणि ते लिहिणारे मार्क जेम्स याच वर्तुळातले. जॉनी क्रिस्टोफर तिथलेच गिटारवादक. मोमन यांनी गाणे ऐकून सांगितले की याला ब्रिज हवा, म्हणजे कडव्यांच्या मध्ये वेगळ्या चालीचा एक छोटा तुकडा हवा. कार्सन यांना त्याची गरज पटत नव्हती, पण शेवटी क्रिस्टोफर आणि जेम्स यांच्या मदतीने तो तुकडा स्टुडिओतच तयार झाला, आणि म्हणून कंसात एकाऐवजी तीन नावे आली.

इथे मी थोडा जास्त वेळ थांबणार आहे, कारण गाणे बसवताना तुम्हाला सर्वांत उपयोगी पडणारी गोष्ट हीच आहे. या गाण्याची कडवी लक्ष देऊन वाचा. प्रत्येक ओळीत एक कबुली आहे : मी तुला हवे तसे वागवले नसेन, हवे तितके प्रेम केले नसेन, एकटेपणाच्या वेळी जवळ घेतले नसेन, लहानसहान गोष्टी करायच्या आणि बोलायच्या राहून गेल्या. कबुल्यांच्या प्रत्येक मालिकेनंतर तीच एक ओळ येते, की तरीही तू माझ्या मनात होतीस. हे सारे भूतकाळातले आहे. बोलणारा माणूस आपल्याशीच हिशेब मांडतो आहे, आणि केवळ कडवी ऐकली तर समोर कोणी आहे की नाही हेसुद्धा कळत नाही. ब्रिजमध्ये प्रथमच तो समोरच्या व्यक्तीकडे वळतो आणि विचारतो की तुझे प्रेम अजून विझले नाही ना. मला एक संधी दे. कबुलीची याचना होते आणि काळ बदलून आत्ताचा क्षण समोर येतो. ब्रिज नसता तर गाणे गोड राहिले असते, पण त्यात काही घडले नसते. मोमन यांच्या कानाने ही उणीव ओळखली, हे माझ्या दृष्टीने या गाण्याच्या जन्मातील सर्वांत मोठे पाऊल आहे, आणि पुढे कितीही गायकांनी गाण्याची पट्टी, लय, वाद्ये बदलली तरी ब्रिजला सहसा कोणी धक्का लावलेला नाही.

चालीतही अशीच एक गोष्ट आहे जी सगळ्या आवृत्त्यांना बांधून ठेवते. एल्व्हिस आणि विली यांनी हे गाणे डी या पट्टीत, म्हणजे आपल्या पेटीवरच्या पांढरी दोनमध्ये गायले आहे. कडव्याच्या आरंभी खालचे सूर ऐका : ते षड्जापासून सा, नि, ध, प, म असे एकेक पायरी उतरत जातात. गिटारवर चौथी तार मोकळी, मग पाचव्या तारेचा चौथा पडदा, पाचव्याच तारेचा दुसरा पडदा, पाचवी तार मोकळी आणि शेवटी सहाव्या तारेचा तिसरा पडदा, असे ते सूर सापडतात. गाणाऱ्याचा आवाज वरच्या बाजूला कबुली देत असताना खालून हा उतार चालू असतो, आणि माझ्या मते गाण्यातील पश्चात्तापाचा भार मुख्यत्वे या उताराने पेलला आहे. पुष्कळ विद्यार्थी नुसते डी, ए, बी मायनर असे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सुरांचे गट, झोडतात. त्यात तालीम दिसते पण गाणे दिसत नाही. हे पाच सूर अंगठ्याने स्वच्छ वाजले, तर बाकी हात साधा असला तरी चालतो.

आता ध्वनिमुद्रणांचा क्रम पाहू. इथे एक भेद पाळावा लागतो, आणि इंटरनेटवरचा बराचसा गोंधळ तो न पाळल्यामुळे झालेला आहे : गाणे कोणी आधी ध्वनिमुद्रित केले आणि कोणाचे आधी बाजारात आले, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्वांत आधी, १९७० साली, हे गाणे बी. जे. थॉमस यांच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाले. त्यात नवल नाही, कारण थॉमसही त्याच मेम्फिस वर्तुळातले. मार्क जेम्स यांचे ‘हुक्ड ऑन अ फीलिंग’ त्यांनीच १९६८ साली गाजवले होते. मात्र हे ध्वनिमुद्रण त्या वेळी प्रसिद्ध झाले नाही. बाजारात प्रथम आले ते ग्वेन मॅक्रे यांचे, १९७२ साली, ‘यू वेअर ऑलवेज ऑन माय माइंड’ अशा किंचित लांब नावाने. आणि मॅक्रे या कंट्री गायिका नव्हेत, तर फ्लोरिडातील सोल गायिका. त्याच वर्षी ब्रेंडा ली यांनी ते गायले आणि कंट्री गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत ते पंचेचाळिसाव्या क्रमांकापर्यंत पोहोचले.

पुरुषाच्या पश्चात्तापाचे म्हणून ओळखले जाणारे हे गाणे श्रोत्यांनी प्रथम ऐकले ते दोन स्त्रियांच्या आवाजात, याकडे मी तुमचे मुद्दाम लक्ष वेधतो. इंग्रजीत त्यातील शब्द स्त्री-पुरुष दोघांच्याही तोंडी जवळजवळ जसेच्या तसे बसतात. एल्व्हिस आणि विली यांच्या गाण्यात येणारे ‘गर्ल’ हे एक संबोधन सोडले, तर काही बदलावे लागत नाही. शिवाय नात्यात नेमके काय बिनसले हे गाण्यात कुठेच सांगितलेले नाही, त्यामुळे गाणारा आणि ऐकणारा आपापली हकीकत त्यात भरू शकतो. इतक्या वेगवेगळ्या प्रकारच्या गायकांनी हे गाणे का उचलले, याचे मला पटणारे कारण हेच आहे.

यानंतर येतो एल्व्हिस. २९ मार्च १९७२ रोजी हॉलिवूडमधील आरसीए कंपनीच्या स्टुडिओत त्याने हे गाणे ध्वनिमुद्रित केले. त्याच्या काही आठवडे आधी, फेब्रुवारीत, तो आणि त्याची पत्नी प्रिसिला वेगळे झाले होते. या योगायोगामुळे हे गाणे एल्व्हिससाठीच, किंबहुना त्याच्या मोडलेल्या संसारावरच लिहिले गेले, अशी समजूत पसरली आणि ती आजही पुष्कळ ठिकाणी छापलेली दिसते. वर सांगितलेल्या तारखा पाहिल्या की ती टिकत नाही, कारण गाणे त्याआधीच लिहून आणि एकदा ध्वनिमुद्रित होऊन तयार होते. परंतु एक गोष्ट मान्य करावी लागेल : गाणे त्याच्यासाठी लिहिलेले नसले, तरी ते त्याने कोणत्या मनःस्थितीत निवडले असेल हे ऐकताना जाणवते. त्याच्या गायनात ब्रिजवर आवाज उघडतो, मागे गायकवृंद आणि तंतुवाद्ये भरून येतात, आणि क्षमा मागणारा माणूस भरल्या सभागृहासमोर उभा आहे असे वाटते.

तरीही अमेरिकेत त्या वेळी हे गाणे दुय्यम राहिले. ‘सेपरेट वेज’ या गाण्याच्या रेकॉर्डची ती दुसरी बाजू होती, आणि अमेरिकेतील कंट्री यादीत ही जोडी सोळाव्या क्रमांकापर्यंत गेली. ब्रिटनमध्ये मात्र हेच गाणे मुख्य बाजू म्हणून पुढे आणले गेले आणि १९७३ च्या सुरुवातीला ते नवव्या क्रमांकावर पोहोचले. ब्रिटिश श्रोत्याला हे एल्व्हिसचे आणि अमेरिकन श्रोत्याला विलीचे का वाटते, याचा उगम बराचसा या एका निर्णयात आहे. तुमच्या काकांच्या आणि सरांच्या मतभेदामागेसुद्धा कोणी कोणत्या देशातून आलेल्या रेकॉर्ड आणि कॅसेट ऐकल्या, हे कारण असू शकेल.

पुढची काही वर्षे गाणे जिवंत होते, पण गाजत नव्हते. १९७९ मध्ये जॉन वेस्ली राइल्स यांनी ते कंट्री यादीत विसाव्या क्रमांकापर्यंत नेले. मग विली नेल्सन आणि कंट्री गायक मर्ल हॅगर्ड टेक्सासमध्ये विलींच्या स्टुडिओत एकत्र ध्वनिमुद्रण करीत असताना हे गाणे त्यांच्यासमोर आले. हॅगर्ड यांना ते फारसे भावले नाही. विलींना ते ऐकताक्षणीच आवडले आणि त्यांनी ते एकट्याने गायले. निर्माता कोण होता, तर चिप्स मोमन. दहा-बारा वर्षांपूर्वी याच गाण्याला ब्रिज हवा म्हणून अडून बसलेले मोमन आता त्याचे ध्वनिमुद्रण करीत होते, आणि मेम्फिसच्या जुन्या स्टुडिओतील वादक, जॉनी क्रिस्टोफर यांच्यासह, त्यांच्या सोबत होते. मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो की गाण्याचा इतिहास शोधताना सालांपेक्षा माणसांचा माग काढावा. इथे त्या पद्धतीने पाहिले की विखुरलेल्या वाटणाऱ्या घटना एकाच खोलीतल्या माणसांनी जोडलेल्या दिसतात.

विली यांचे गाणे १९८२ च्या मे महिन्यात अमेरिकेतील कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर गेले आणि सर्वसाधारण यादीत पाचव्या. त्यांची गायकी एल्व्हिसच्या नेमकी उलट आहे. पियानोच्या मोजक्या सुरांवर ते जवळजवळ बोलल्यासारखे सुरू करतात, शब्द ठेक्यावर न टाकता कधी थोडे आधी, कधी थोडे उशिरा टाकतात, आणि आवाज कुठेही फुलवत नाहीत. सभागृह नाहीसे होते. स्वयंपाकघरातील टेबलाशी दोन माणसे उरतात. माझे वैयक्तिक मत विचाराल तर कार्सन यांनी लिहिलेल्या प्रसंगाच्या सर्वांत जवळ ही आवृत्ती जाते, आणि ती ब्रिजवरही आवाज चढवत नाही म्हणूनच ती याचना खरी वाटते.

१९८३ च्या ग्रॅमी पुरस्कारांत काय झाले ते पाहिले की ‘मूळ कोणाचे’ हा प्रश्न आणखी स्पष्ट होतो. या पुरस्कारांत वर्षातील सर्वोत्तम गीत आणि वर्षातील सर्वोत्तम ध्वनिमुद्रण असे दोन वेगळे सन्मान आहेत. पहिला गीत रचणाऱ्यांना मिळतो, दुसरा गायक आणि निर्माता यांच्याकडे जातो. त्या वर्षी सर्वोत्तम गीताचा पुरस्कार ‘ऑलवेज ऑन माय माइंड’ला, म्हणजे कार्सन, क्रिस्टोफर आणि जेम्स यांना मिळाला, आणि सर्वोत्तम ध्वनिमुद्रणाचा पुरस्कार टोटो या गटाच्या ‘रोझॅना’ला गेला. विली यांना कंट्री विभागातील सर्वोत्तम पुरुष गायनाचा पुरस्कार वेगळा मिळाला. गाणे दहा वर्षांपूर्वीच बाजारात आलेले असूनही त्याला वर्षातील सर्वोत्तम गीत ठरवले गेले. कंट्री म्युझिक असोसिएशननेही १९८२ आणि १९८३ अशी सलग दोन वर्षे त्याला सर्वोत्तम गीत ठरवले. रचना आणि ध्वनिमुद्रण या दोन स्वतंत्र वस्तू आहेत, हे तिथल्या व्यवसायाने पूर्वीपासून मान्य केलेले आहे.

एखाद्या गायकाने हे गाणे कोणाचे ऐकून घेतले आहे, हे ओळखण्याची एक सोपी खूण सांगतो. पहिल्या कडव्यात दोन कबुल्या लागोपाठ येतात : एक नीट न वागवल्याची आणि दुसरी पुरेसे प्रेम न केल्याची. एल्व्हिस वागणुकीची कबुली आधी देतो. विली प्रेमाची आधी देतात. पेट शॉप बॉइज यांनी वागणुकीची ओळ आधी घेतली आहे, म्हणजे त्यांचे गाणे एल्व्हिसच्या वाटेने आलेले आहे. माझ्याकडे एखादा विद्यार्थी हे गाणे म्हणून दाखवतो, तेव्हा पहिल्या दोन ओळींतच त्याच्या घरी कोणती रेकॉर्ड वाजत होती हे बहुतेक वेळा कळते. गोव्यात किंवा वसई-वांद्र्याच्या ख्रिस्ती घरांमध्ये, जिथे जिम रीव्ज यांच्यापासून कंट्री गाणी मनापासून ऐकली जातात, तिथल्या मुलांकडून मला विलींचा क्रम अधिक ऐकायला मिळाला आहे.

पेट शॉप बॉइज यांची आवृत्ती अगदी वेगळ्या निमित्ताने झाली. एल्व्हिसच्या मृत्यूला दहा वर्षे झाली म्हणून १९८७ मध्ये ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीने एक विशेष कार्यक्रम केला आणि त्यात या जोडीने हे गाणे सादर केले. प्रतिसाद पाहून त्यांनी ते वर्षअखेरीस बाजारात आणले. नाताळच्या आठवड्यात ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होते आणि एकूण चार आठवडे तिथे राहिले. लय नाचाची, वाद्ये इलेक्ट्रॉनिक, आणि शीर्षकाची ओळ संपल्यावर मूळ चालीत नसलेले एक-दोन कॉर्ड त्यांनी पुढे जोडले, ज्यामुळे ओळ घरी येऊन न थांबता आणखी एक वळण घेते. या जोडीतील गायक नील टेनंट यांचा आवाज इतका अलिप्त आहे की माफी मागणाऱ्याला खरोखर पश्चात्ताप झाला आहे की नाही, अशी शंका येते. शब्द तेच, पण माणूस बदलला. ज्यांना ही आवृत्ती उथळ वाटते त्यांच्याशी मी सहमत नाही. गाण्यात किती जागा आहे हे तिने दाखवून दिले. २०१४ साली बीबीसीने घेतलेल्या श्रोत्यांच्या मतदानात तिला सर्वोत्तम पुनर्गायनाचा मान मिळाला. त्याआधी २००७ मध्ये मायकल बुब्ले यांनीही हे गाणे आपल्या अल्बममध्ये घेतले, पण इतिहासाच्या दृष्टीने त्याने फार काही बदलले असे मला वाटत नाही.

म्हणजे पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात असे : रचना कार्सन, क्रिस्टोफर आणि जेम्स यांची, पहिले ध्वनिमुद्रण बी. जे. थॉमस यांचे, बाजारात प्रथम आलेले ग्वेन मॅक्रे यांचे, आणि ते जगभर पोहोचवणारे एल्व्हिस, विली आणि पेट शॉप बॉइज. कार्यक्रमात निवेदन करणार असाल तर तिन्ही गीतकारांची नावे आवर्जून घ्या आणि मग ज्यांच्या धाटणीने म्हणणार आहात त्यांचे नाव सांगा.

आता दुसरा प्रश्न. तुम्ही आवाजाची पट्टी कळवलेली नाही, म्हणून इथे मला अटी घालूनच बोलावे लागेल. आवाज मोठा आणि वरच्या सुरांत मोकळा असेल, साथीला पेटी किंवा कीबोर्ड आणि मागे सूर धरणारी दोन-तीन माणसे असतील, तर एल्व्हिसची धाटणी घेता येईल. एकटी गिटार आणि घरचा दिवाणखाना असेल तर ती धाटणी पोकळ वाटेल, कारण त्या गाण्यातील उंची मागच्या वाद्यवृंदावर उभी आहे. अशा वेळी विलींकडे जावे. मात्र त्यांचे शब्द मागेपुढे टाकणे उचलू नका. ती त्यांची आयुष्यभराची सवय आहे आणि नवख्याने तिची नक्कल केली की ताल चुकल्यासारखे ऐकू येते. आधी सरळ ठेक्यावर म्हणा. शब्द तुमचे झाले की ते आपोआप थोडे सैल पडतील. पेट शॉप बॉइज यांची आवृत्ती एका गिटारवर बसवण्याच्या भानगडीत या प्रसंगी पडू नये.

प्रसंगाचाही विचार करा. हे प्रेमगीत असले तरी ते क्षमायाचनेचे गीत आहे, आणि त्यात नाते टिकले की तुटले याचे उत्तर दिलेले नाही. आईवडिलांच्या वाढदिवसाला मुलाने ते त्यांच्याकडे पाहून म्हटले, तर श्रोत्यांना ते वडिलांच्या वतीने आईची मागितलेली माफी वाटू शकते. काही घरांत ते सगळ्यांना हेलावून टाकेल, काही घरांत अवघडलेपण येईल. तुमचे घर कोणते हे तुम्हीच जाणता. मी अशा ठिकाणी गाण्याआधी दोन वाक्यांत सांगतो की कामासाठी घराबाहेर राहावे लागलेल्या एका माणसाने बायकोशी फोनवर बोलताना हे गाणे सुचल्याचे सांगितले आहे. तेवढ्याने गाण्याचा रोख मोडलेल्या संसाराकडून चालत्या संसाराकडे वळतो, आणि ते खोटेही नसते.

बसवताना पहिला आठवडा फक्त उतरत्या पाच सुरांना द्या, गाऊ नका. नंतर कडवी हळू आवाजात, एका श्वासात एक कबुली, अशी म्हणा आणि शीर्षकाच्या ओळीवर जोर देण्याचा मोह टाळा, कारण ती ओळ इतक्या वेळा येते की प्रत्येक वेळी जोर दिला तर शेवटपर्यंत तिच्यात काही उरत नाही. ब्रिजच्या आधी गिटार क्षणभर थांबवा, समोर पाहा आणि मग सुरू करा. तिथे आवाज वाढवायचा की उलट आणखी खाली आणायचा, हे दोन्ही करून पाहा आणि घरातल्या कोणाला तरी ऐकवून ठरवा. पांढरी दोन तुम्हाला उंच पडत असेल तर सी पट्टीत आणा, तिथेही उतार तसाच मिळतो. आणि पट्टी खालची वाटत असेल तर डीचेच कॉर्ड ठेवून दुसऱ्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावा. ब्रिजमधला सर्वांत वरचा सूर तुम्हाला कोणत्या पट्टीत न ओढता लागतो ते म्हणून पाहा आणि इथे कळवा, म्हणजे कॅपो कुठे लावायचा ते नेमके सांगता येईल.